काला अंबची वाट आणि घरची निगा

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून मोटारसायकलींचे ताफे उत्तरेकडे निघतात. कुणी पुण्याहून निघतो, कुणी साताऱ्याहून, कुणी नाशिकहून. नाशिक, धुळे, सेंधव्याचा घाट, इंदूर, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर, मग चंबळ ओलांडून धोलपूर, आग्रा, दिल्ली आणि शेवटी पानिपत. पुण्यापासून मोजले तर हे अंतर एका बाजूने सुमारे दीड हजार किलोमीटर भरते. 14 जानेवारीला पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या काला अंब स्मारकापुढे माथा टेकवायचा, दोन घटका तिथल्या मातीवर उभे राहायचे आणि परतीला लागायचे, एवढाच या प्रवासाचा हेतू असतो. या ताफ्यांत बैठी, लांब चाकांतराची क्रूझर गाडी हमखास दिसते. कुणाची बजाजची ॲव्हेंजर, कुणाची एनफिल्डची थंडरबर्ड किंवा मिटिऑर. हे पुस्तक या गाड्यांच्या मालकांसाठी लिहिले आहे. ज्यांना पानिपतला जायचे नाही, ज्यांची गाडी रोज फक्त पुण्यात कोथरूड ते हिंजवडी धावते, त्यांच्याही ते तितकेच उपयोगाचे आहे.

पुस्तकात सांगायचे आहे ते असे. लांबच्या रस्त्यावर गाडी बंद पडते, तेव्हा दोष बहुधा त्या रस्त्याचा नसतो. ग्वाल्हेरजवळ तुटलेली क्लच केबल महिनाभरापूर्वी घरी असतानाच लिव्हरजवळ विस्कटायला लागलेली असते. पहाटेच्या गारठ्यात सेल्फ न उचलणारी बॅटरी दिवाळीपासून अशक्त झालेली असते. चेन पहिल्याच दिवशी खडखडते, कारण पावसाळ्यानंतर तिच्याकडे कुणी पाहिलेलेच नसते. प्रवासाचे बरेवाईट पार्किंगमध्ये, निघण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेले असते. म्हणून गाडीची निगा ही घरी, स्वतःच्या हाताने आणि वेळच्या वेळी व्हायला हवी.

हे सांगायला काला अंबइतकी योग्य जागा नाही. पानिपत शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर हे ठिकाण आहे. इथे एक आंब्याचे झाड होते आणि रणभूमीत सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, अशी लोकांची श्रद्धा. झाड केव्हाच गेले. त्याच्या जागी विटांचा स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा आणि भोवती कुंपण आहे. हरियाणातल्या रोड समाजातले अनेक जण स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला घरच्यासारखे वागवतात. तिथे गेलेला मराठी माणूस भारावतो, आणि ते स्वाभाविकच आहे.

पण त्या स्तंभापुढे उभे राहून 1760 चा घटनाक्रम आठवला, तर मन दुसऱ्याही एका गोष्टीपाशी थांबते. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ मार्च 1760 मध्ये परतूडहून निघाले, ग्वाल्हेर-धोलपूरच्या वाटेने ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत पोचले. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतले, तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीकडची वाट त्याने अडवली. पुढचे दोन-अडीच महिने पानिपतच्या छावणीत रसद आटत गेली. गंगा-यमुनेच्या अंतर्वेदीतून धान्य-पैसा पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. 14 जानेवारी 1761 च्या सकाळी आपले सैन्य उपाशीपोटी रणात उतरले. शौर्यात कुठे कमी नव्हती. पोटात अन्न नव्हते, जनावरांना वैरण नव्हती. या इतिहासाला मोटारसायकलच्या दुरुस्तीशी जोडून लहान करण्याचा माझा हेतू नाही. पण जो स्वार त्या मातीला वंदन करायला निघतो, त्याने लांबच्या मोहिमेतले तयारीचे मोल ओळखूनच घरातून निघावे, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते. झिजलेल्या ब्रेक शूवर हँडलला भगवा बांधून निघणे ही त्या वीरांना मानवंदना नव्हे.

आता गाडीकडे वळू. क्रूझर ही घडण मूळची अमेरिकेतली. सरळसोट, लांबच लांब महामार्गांवर तासन् तास आरामात बसता यावे, म्हणून बैठक खाली, हँडल उंच, पाय पुढे आणि दोन चाकांत अंतर जास्त. आपल्याकडे ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी केली ती पुण्याच्या बजाज ऑटोने. 2001 मध्ये कावासाकीची एलिमिनेटर आली आणि तिच्याच घडणीवर 2005 मध्ये ॲव्हेंजर. 2010 मध्ये तिला 220 सीसीचे इंजिन मिळाले आणि 2015 मध्ये स्ट्रीट व क्रूझ असे दोन अवतार बाजारात आले. मद्रासच्या एनफिल्डने 2002 मध्ये थंडरबर्ड काढली, 2020 मध्ये मिटिऑर 350. हार्ले-डेव्हिडसन 2011 पासून हरियाणातल्या बावलला गाड्यांची जुळणी करत होती. 2020 मध्ये तो कारखाना बंद झाला. इंदूरजवळच्या पिथमपुरात आजच्या जावा तयार होतात, म्हणजे पानिपतच्या वाटेवरच. तेव्हा ही गाडी आता परकी राहिलेली नाही. मराठी मुलखात ती घडते, विकली जाते आणि वापरली जाते. तिची निगा कशी राखावी, हे मात्र मराठीत सलग कुठे लिहिलेले मिळत नाही.

क्रूझरची देखभाल कम्युटर गाडीपेक्षा थोडी वेगळी का, हे तिच्या घडणीतूनच कळते. ॲव्हेंजर 220 चे चाकांतर 1490 मिलिमीटर आणि बैठकीची उंची अवघी 737 मिलिमीटर. मागे सहप्रवासी आणि दोन्ही बाजूंना सामान चढले की भार जवळजवळ सगळा मागच्या चाकावर येतो. त्यामुळे मागचा टायर, मागचे शॉक ॲब्सॉर्बर, मागचा ब्रेक आणि चेन यांची झीज पुढच्या भागांपेक्षा लवकर होते. खालचा भाग जमिनीच्या जवळ असल्याने आपल्याकडच्या उंच गतिरोधकांवर इंजिनाचा तळ आणि सायलेन्सर घासतो, म्हणून धुताना खाली वाकून पाहण्याची सवय हवी. पायाच्या जागा पुढे आल्या की गिअर आणि ब्रेकच्या दांड्या लांब होतात. त्यांच्या सांध्यांना ग्रीस मिळाले नाही तर गिअर अडकू लागतात आणि माणूस क्लच प्लेटला दोष देत बसतो. ॲव्हेंजर क्रूझसारख्या गाड्यांना तारांची चाके आणि ट्यूबचे टायर असतात. तारा सैल पडल्या की चाक आउट येते, आणि पंक्चर झाले की चाक खोलावेच लागते.

घरच्या निगेचा मोठा भाग हाताच्या ताकदीपेक्षा डोळ्यांचा आणि कानांचा असतो. पण प्रत्यक्ष काम कसे चालते ते कळावे म्हणून एक काम नीट पाहू या. चेनचेच घेऊ. गाडी स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये टाका, इंजिन बंद ठेवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला कापड लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात बोटे जातात, म्हणून हे कधीही करू नका. मागचे चाक हाताने सावकाश फिरवा आणि खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली हलवून पाहा. चेन सगळीकडे सारखी सैल नसते. एका जागी ती ताणलेली लागते, दुसऱ्या जागी ढिली. माप घ्यायचे ते जिथे ती सर्वांत ताणलेली आहे तिथे. अनेक गाड्यांत ही हालचाल साधारण 25 ते 35 मिलिमीटर धरतात. तरी माप गाडी स्टँडवर असताना घ्यायचे की चाके जमिनीवर असताना, आणि नेमके किती, हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहा. तिथला आकडा अंतिम.

चेन जास्त ताणून ठेवली म्हणजे गाडी चांगली पळते, असा समज गावोगावी आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मागचे चाक खड्ड्यात दबले की गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपासून मागच्या ॲक्सलचे अंतर बदलते आणि चेन आणखी ताणली जाते. मागे माणूस आणि सामान असलेली क्रूझर खड्ड्यातून गेली की हा ताण थेट गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. चेनला थोडी सैल जागा ठेवायची ती यासाठी. ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्याच आट्यांनी फिरवायचे, दोन्हीकडच्या खुणा जुळवायच्या आणि नट पुन्हा घट्ट आवळायचा. यानंतरची एक गोष्ट बरेच जण विसरतात. मागचे चाक मागे सरकले की ड्रम ब्रेकचा दांडा ताणला जातो आणि ब्रेक न दाबताही शू ड्रमला घासू लागतात. म्हणून चेन लावल्यावर ब्रेक पेडलची मोकळी हालचाल आणि मागचा ब्रेक लाइट तपासल्याशिवाय पाना खाली ठेवू नये. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील, तर चेन आवळून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नव्या चेनला थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात.

साफसफाईला पेट्रोल वापरू नका. ते ओ-रिंगच्या रबराला मारक आहेच, शिवाय बंद पार्किंगमध्ये आगीला आमंत्रण आहे. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडे फडके आणि मग चेनच्या आतल्या बाजूने सावकाश सोडलेले ल्यूब, एवढे पुरते. जळके ऑइल चेनवर ओतण्याची पद्धत आता सोडून द्यावी. त्यात धातूचा चुरा असतो आणि धूळ त्याला चिकटून चेन आतून झिजते.

बॅटरीचे प्रकरण या पुस्तकात मुद्दाम सविस्तर घेतले आहे, कारण ॲव्हेंजरसारख्या गाड्यांना किक नाही. जानेवारीत पानिपतचे पहाटेचे तापमान अनेकदा पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि नेमके त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त जोर लागतो. पुण्यात रोज चालू होणारी गाडी तिथे एका सकाळी नुसतीच टिकटिक करते, त्याचे कारण हे. साधा मल्टिमीटर घेऊन घरीच पाहा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर ती भरलेली आहे. 12.2 च्या खाली असेल तर चार्ज करा, आणि चार्ज करूनही दोन दिवसांत पुन्हा पडत असेल तर बदला. इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी असेल तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला धक्का मारून चालू करता येते. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंधनाचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण बसली असेल तर त्यांना धक्का मारूनही उपयोग होत नाही.

टायरच्या हवेचा हिशेबही असाच थंडीशी बांधलेला आहे. पुण्यात दुपारच्या तीस अंशांत भरलेली हवा पानिपतच्या पहाटे आपोआप तीन-चार पौंडांनी कमी भरते. टायर कुठे गळत नसतो, तापमान उतरल्याने दाब उतरतो. सामान लादलेल्या गाडीला एवढा फरक वळणावर जाणवतो. म्हणून हवा रोज सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना स्वतःच्या गेजने पाहावी. पंपावरच्या प्रत्येक मीटरवर विसंबू नये.

घरच्या कामांत इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणे, एअर फिल्टर साफ करणे किंवा बदलणे, प्लग काढून पाहणे, क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबलना तेल देणे, ब्रेक शू आणि पॅडची जाडी पाहणे, दिवे व फ्यूज तपासणे ही सगळी येतात. प्रत्येक कामाला स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतल्या तीन सूचना इथेच सांगून ठेवतो, कारण नुकसान बहुतेक वेळा इथेच होते. पहिली, प्लग थंड इंजिनातूनच काढावा आणि बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनी फिरवावेत, पान्याने नाही. हेड ॲल्युमिनियमचे असते, तिरका बसलेला प्लग त्याचे आटे घेऊन जातो आणि पन्नास रुपये वाचवताना हेडचे काम निघते. ॲव्हेंजरसारख्या डीटीएस-आय इंजिनाला दोन प्लग असतात, दोन्ही पाहायचे. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरेफटक असेल तर इंजिन जास्त तापते आहे, तेलकट असेल तर ऑइल वर येते आहे. दुसरी, ऑइल काढायच्या नटाचा वॉशर दर वेळी नवा घालावा आणि नट हाताला कळेल इतकाच, शक्य असेल तर टॉर्क पान्याने आवळावा. तिसरी, ब्रेक ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच घ्यावे. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून उघडलेली जुनी बाटली वापरू नये, आणि ते रंग खाते, म्हणून टाकीवर सांडले तर ताबडतोब पाण्याने धुवावे.

काय घरी करू नये, हेही या पुस्तकाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. इंजिन उघडणे, चाकाचा आउट काढणे, वाकलेली चेसी सरळ करणे, कोनसेट बसवणे आणि 2019 पासून 125 सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या एबीएसच्या यंत्रणेत हात घालणे, ही कामे हत्यारे आणि अनुभव असलेल्या माणसाची आहेत. घरी निगा राखणारा माणूस मेकॅनिकचा स्पर्धक नसतो. तो मेकॅनिकचे सर्वांत उत्तम गिऱ्हाईक असतो, कारण 'गाडीत काहीतरी आवाज येतो' असे न सांगता 'थंड असताना टॅपेटच्या बाजूने टिकटिक येते, गरम झाल्यावर थांबते' असे तो सांगतो. त्या एका वाक्याने अर्धा तास वाचतो आणि न बिघडलेला पार्ट बदलण्याची पाळी येत नाही.

सुट्या भागांबद्दल. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग आणि काश्मिरी गेट या बाजारांत काय मिळत नाही, असे विचारावे. अस्सल पार्टांबरोबर तिथे नक्कलही मिळते आणि ती ओळखणे सोपे नसते. ब्रेक शू, ब्रेक पॅड, चेन सेट आणि केबल या चार गोष्टींत पैसे वाचवू नयेत, एवढा नियम पाळला तरी खूप झाले. लांबच्या प्रवासाला निघताना एक क्लच केबल, एक ॲक्सिलरेटर केबल, प्लग, फ्यूज, ट्यूबचे टायर असतील तर पुढची-मागची ट्यूब आणि ट्यूबलेस असतील तर पंक्चरचे किट सोबत ठेवावे. जाणते स्वार नवी क्लच केबल जुनीच्या शेजारूनच नेऊन टेपने बांधून ठेवतात. जुनी तुटली की दोन्ही टोके बदलायची, काम दहा मिनिटांत होते आणि टाकी काढावी लागत नाही.

मराठी माणसाला यंत्राची ही ओढ नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेल्या 'किर्लोस्कर खबर'ने यंत्र, उद्योग आणि वाचक यांचे नाते जोडले. हाताने काम करणे कमीपणाचे नाही, हा धडा त्या पिढीने दिला. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. ती पूजा खरी व्हायची असेल तर पान्यांचा संच गंजलेला नसावा आणि हार घातलेल्या गाडीची चेन कोरडी नसावी. घरातल्या मुलींनाही या कामात सोबत घ्यावे, ही माझी विशेष विनंती आहे. आज कितीतरी जणी स्वतः गाडी चालवत लांब जातात. प्लग काढणे किंवा हवा तपासणे याला बळ लागत नाही, दाखवणारे कुणीतरी लागते.

दोन जबाबदाऱ्या मात्र विसरता येणार नाहीत. काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. वापरलेले तेल 2016 च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून, ते परत घेणाऱ्या गॅरेजकडे किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. दुसरे, पानिपत जिल्हा दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तिथे पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली आणि तिच्या अंमलबजावणीत पुढे वेळोवेळी फेरफार होत आले आहेत. जुनी थंडरबर्ड किंवा पहिल्या वर्षांतली ॲव्हेंजर कितीही निगेने राखलेली असली, तरी ती घेऊन तिकडे निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहून घ्यावा. कागदपत्रे, विमा आणि पीयूसी हाही निगेचाच भाग आहे.

आणि धुके. जानेवारीत दिल्ली ते पानिपत या नव्वद किलोमीटरच्या पट्ट्यात कधी कधी दहा पावलांवरचा ट्रक दिसत नाही. कोणताही दिवा, दिव्यावर चिकटवलेला कोणताही पिवळा कागद त्यावर उपाय नाही. उत्तम राखलेली गाडीसुद्धा अशा वेळी उभी ठेवावी आणि ऊन वर आल्यावर निघावे. थांबायचे केव्हा हे कळणे, हेही गाडी चालवता येण्यात धरले पाहिजे.

पुस्तकाची रचना सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात हत्यारे, जागा आणि सुरक्षितता. दुसऱ्यात दर आठवड्याची, दर महिन्याची आणि दर सर्व्हिसिंगची कामे. तिसऱ्यात रस्त्यावर उद्भवणारे बिघाड आणि त्यांची लक्षणे. चौथ्यात पावसाळ्यानंतरची आणि लांब प्रवासापूर्वीची तपासणी. शब्द सगळे गॅरेजमधलेच वापरले आहेत, म्हणजे पुस्तक हातात धरून पार्ट मागता येईल. आकडे जिथे दिले आहेत तिथे ते समजण्यासाठी दिले आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

हे पुस्तक कपाटात ठेवू नका. गाडीजवळ ठेवा, त्याला ग्रीसचे डाग पडू द्या. पहिल्या रविवारी फक्त चेन आणि हवा पाहा, दुसऱ्या रविवारी केबल आणि ब्रेक. घाई नको. काला अंबला जायचे ठरवले असेल, तर गाडी निघण्याच्या आदल्या रात्री उघडू नका. निदान पंधरा दिवस आधी उघडा, एकेक काम संपवा, मग घराभोवती शे-दीडशे किलोमीटर चालवून पाहा आणि सारे ठीक वाटले तरच निघा.